पत्ता लागू नाही: गिटलॅब या कंपनीचा प्रकरण अभ्यास

सप्टेंबर २०२१ मध्ये गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी शेअर बाजारात उतरायला निघाली. त्यासाठी अमेरिकेच्या एसईसीकडे, म्हणजे तिथल्या सेबीकडे, तिने अर्ज दाखल केला. अशा अर्जाच्या पहिल्याच पानावर मुख्यालयाचा पत्ता असतो. गिटलॅबच्या अर्जात त्या जागी छापलं होतं, ‘पत्ता लागू नाही’. खाली तळटीप होती की ही पूर्णपणे रिमोट, म्हणजे सगळ्यांनी आपापल्या जागेवरून काम करायची, कंपनी आहे, त्यामुळे मुख्यालय ठेवलेलं नाही. तेव्हा तिच्याकडे सुमारे १,३५० माणसं होती आणि ती ६५ हून अधिक देशांत राहत होती. १४ ऑक्टोबरला नॅसडॅकवर ७७ डॉलर भावाने शेअर आले आणि पहिल्याच दिवशी शंभर डॉलरच्या वर बंद झाले.

घरून काम या विषयावर आपल्याकडे आयटीवाल्या प्रत्येक घरात मत तयार असतं. एकाचे हिंजवडीच्या रस्त्यावरचे तास वाचलेले असतात, दुसऱ्याचा लॅपटॉप रात्री अकरापर्यंत मिटत नाही, आणि घरातल्या मोठ्यांना वाटत असतं की हा रिकामाच बसलाय, जरा गिरणीत जाऊन येईल. ही मतं गोळा करत बसण्यापेक्षा एकच कंपनी घेऊन ती मुळापासून बघावी, म्हणून हे प्रकरण. गिटलॅबच का, तर ती कोविडमुळे रिमोट झालेली नाही. शिवाय आपला बराचसा कारभार, फजितीसकट, तिने स्वतःच उघड्यावर मांडून ठेवला आहे.

या प्रकरणातून मला जे दिसतं ते आधीच सांगतो. अशा कंपनीत ऑफिसचं काम लिखाण करतं. जे लिहिलेलं आहे ते सगळ्यांना सारखं मिळतं, आणि जे लिहिलं गेलं नाही ते जवळपास घडलंच नाही असं धरलं जातं. घरून काम करण्याचे म्हणून जे फायदे-तोटे आपण मोजतो, त्यातले बरेचसे इथूनच निघतात.

सुरुवात

२०११ मध्ये युक्रेनमधल्या खारकीव्हला राहणाऱ्या दिमित्री झापोरोझेट्सने व्हॅलेरी सिझोव्हला सोबत घेऊन गिटलॅब लिहायला घेतलं. टीमने मिळून लिहिलेला कोड एका जागी ठेवायचा, एकमेकांचा तपासायचा, सुधारायचा, यासाठीचं हे सॉफ्टवेअर. दिमित्रीच्या घरात तेव्हा नळाचं पाणी नव्हतं, ते सार्वजनिक विहिरीवरून आणावं लागे. पण त्याला पाण्यापेक्षा टीमने एकत्र काम करण्याच्या चांगल्या साधनाचा अभाव जास्त जाचायचा, असं कंपनीच्या इतिहासात नमूद आहे. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या सित्से सायब्रांडी याच्या, म्हणजे सगळे ज्याला सिड म्हणतात त्याच्या, नजरेला हे सॉफ्टवेअर पडलं आणि त्यावर धंदा उभा राहू शकतो हे त्याने ओळखलं. पुढे दिमित्रीने ट्विटरवर लिहिलं की मला पूर्णवेळ गिटलॅबवरच काम करायचंय. सिडने त्याला पगार सुरू केला.

म्हणजे एक युक्रेनमध्ये, एक नेदरलँड्समध्ये, थोड्याच दिवसांत एक सर्बियात. मुद्दाम ठरवून कोणी रिमोट झालेलं नव्हतं, माणसंच तशी भेटली होती. नेदरलँड्समध्ये भरती झालेली माणसं सुरुवातीला सिडकडे येऊन बसत. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की सगळी चर्चा चॅटवर आणि सामायिक कागदांत चालली आहे, इथे येऊन वेगळं काहीच कानावर पडत नाही. येणं आपोआप थांबलं. २०१५ मध्ये वाय कॉम्बिनेटरच्या, म्हणजे नव्या कंपन्यांना पैसा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्थेच्या, निमित्ताने मंडळी कॅलिफोर्नियात गेली, तिथे ऑफिस घेतलं, आणि तिथेही तसंच झालं. वर्डप्रेसमागच्या ऑटोमॅटिक कंपनीचा अनुभवही असाच. सॅन फ्रान्सिस्कोतलं तिचं प्रशस्त ऑफिस २०१७ मध्ये बंद करावं लागलं, कारण तिथे येऊन बसणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

या सुरुवातीला मी इतकं महत्त्व देतोय त्याचं कारण आहे. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्या मार्च २०२० मध्ये एका आठवड्यात घरी गेल्या. ऑफिसात ज्या गोष्टी ऐकून, बघून, चहाच्या टपरीवर उभं राहून कळायच्या, त्या तशाच राहिल्या आणि त्यांच्यावर झूमच्या मीटिंगांची ठिगळं लावली गेली. गिटलॅबमध्ये मुळातच टपरी नव्हती.

लिहिण्याची सक्ती

गिटलॅबचं हँडबुक, म्हणजे कंपनीच्या कामकाजाची नियमपोथी, इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं. छापलं तर दोन हजारांहून जास्त पानं होतील. रजा कशी घ्यायची, खर्चाचं बिल कसं लावायचं, बढतीसाठी काय लागतं, मतभेद झाला तर अंतिम निर्णय कोणाचा, सगळं त्यात. शिस्त अशी की कोणी प्रश्न विचारला तर आधी उत्तर हँडबुकात घालायचं आणि मग विचारणाऱ्याला त्याची लिंक द्यायची. प्रत्येक मीटिंगला आधीपासून उघडा असलेला एक सामायिक कागद असतो. बोलायचा मुद्दा त्यात लिहायचा, आणि बोलणं चालू असताना टिपणं तिथेच घ्यायची. मीटिंग चालू असताना दुसरीकडे लक्ष गेलं तरी चालतं, असंही लिहून ठेवलंय. मला सगळ्यात हुशारीचा वाटतो तो स्लॅकचा, म्हणजे ऑफिसच्या चॅटचा, नियम. तिथले निरोप नव्वद दिवसांनी नाहीसे होतात. त्यामुळे ‘अरे, ते मागे आपलं चॅटवर ठरलं होतं ना’ हे वाक्यच बाद होतं.

याचा परिणाम उत्पादनात दिसतो. २०११ पासून दर महिन्याच्या २२ तारखेला नवी आवृत्ती निघत आली. माणसं सगळ्या खंडांवर पसरत गेली, तरी तारीख हलली नाही. शेवटी नोव्हेंबर २०२३ पासून ती महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी नेली, कारण २२ तारीख शनिवार-रविवारी किंवा सणाला आली की कोणाची तरी सुट्टी जायची.

आता हे काम करणाऱ्याच्या बाजूने बघू. नाशिकहून नव्याने लागलेल्या मुलीला रात्री दहा वाजता एखादी गोष्ट अडली, तर तिला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. उत्तर लिहिलेलं असतं आणि तिच्या मॅनेजरला दिसतं तेच तिलाही दिसतं. आपल्या ऑफिसांत बातमी आधी कोणाला कळते, यावर अर्धं राजकारण चालतं. ते इथे बरंच पातळ होतं. मराठी माध्यमातून शिकून आलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पंधरा जणांच्या कॉलवर अमेरिकन उच्चारांच्या भडिमारात तोंड उघडायला अनेकांना धीर होत नाही. तेच म्हणणं लिहायला अर्धा तास मिळाला, तर त्यांची बुद्धी इतरांइतकीच दिसते.

आणि तरीही तो दिवसभर इंग्रजीत लिहिण्याचा भार आहेच. कोडची दोन ओळींची दुरुस्ती आणि तिच्यासोबत आठ ओळींचं कारण. शिवाय रोज येणारं इतरांचं लिखाण वाचायचं, जे संपत नाही. ज्याची लेखणी सफाईदार तो हुशार ठरतो, आणि ज्याचा हात फक्त यंत्रावर चांगला चालतो तो मागे राहू शकतो. ऑफिसात मोठ्याने बोलणारा पुढे जायचा, इथे चांगलं लिहिणारा जातो. तराजूची एक दांडी सरळ करताना दुसरीकडे थोडा कल येणारच. माझ्या मते हा कल आधीच्यापेक्षा बरा आहे, पण तो नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

३१ जानेवारी २०१७

या कंपनीच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट रात्र हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

त्या संध्याकाळी डेटाबेसवरचा ताण अचानक वाढला. आधी वाटलं स्पॅम आहे. नंतर तपासात एक विचित्र कारणही निघालं. कोणीतरी एका कर्मचाऱ्याच्याच खात्याची गैरवापराची तक्रार केली होती, ते चुकून हटवायच्या यादीत गेलं होतं, आणि त्याचा सगळा डेटा पुसण्याचं काम मागे चालू होतं. या ताणात मुख्य सर्व्हरवरून दुय्यम सर्व्हरवर होणारी नक्कल मागे पडली आणि मग बंदच झाली. युरोपातला एक इंजिनिअर ती दुरुस्त करत होता. खरं तर त्या रात्री अकराच्या सुमारास काम बंद करतो असं त्याने सांगितलं होतं, पण हे उपटलं म्हणून तो बसून राहिला. त्याच्याकडे मध्यरात्र झाली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. दुय्यम सर्व्हरवरचं डेटाचं फोल्डर रिकामं करून नक्कल नव्याने सुरू करावी, असं त्याने ठरवलं आणि आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत लक्षात आलं की आपण मुख्य सर्व्हरवर आहोत. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. बॅकअप आणि नक्कल मिळून पाच प्रकारच्या व्यवस्था कागदावर होत्या. रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या साठवणीत जायला हवा होता, ती जागा रिकामी निघाली. डेटाबेसची आवृत्ती ९.६ होती आणि बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा चालत होता, त्यामुळे तो दर वेळी अर्ध्यातच बंद पडत होता. तो बंद पडल्याचे ईमेलही निघत होते, पण ईमेलच्या सुरक्षा तपासणीत ते नाकारले जात होते, म्हणून कोणापर्यंत पोचतच नव्हते. क्लाउडवरचे डिस्क स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या आख्ख्या प्रती, डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी तारलं ते निव्वळ योगायोगाने. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच एका चाचणीसाठी एक स्नॅपशॉट घेतला होता. तो चाचणीच्या सर्व्हरवरून परत आणायला कित्येक तास लागले, कारण तिथल्या डिस्क स्वस्तातल्या आणि संथ होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जागतिक वेळेनुसार सहाला, सेवा परत सुरू झाली. कंपनीच्या अंदाजाने किमान ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० प्रतिक्रिया आणि सुमारे ७०० नवी खाती कायमची गेली. लोकांचा कोड मात्र वेगळ्या ठिकाणी असल्याने शाबूत राहिला.

या काळात कंपनीने जे केलं ते आपल्या सवयीच्या अगदी उलट होतं. दुरुस्तीची टिपणं ज्या कागदात चालली होती तोच सगळ्या जगाला खुला केला. यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण लावलं. एका वेळी पाच हजारांच्या आसपास लोक ते बघत होते. दहा दिवसांनी सविस्तर अहवाल आला. त्यात त्या इंजिनिअरचं नाव नाही, ‘टीम मेंबर १’ एवढाच उल्लेख आहे. त्याला कामावरूनही काढलं नाही.

हे रिमोट असल्यामुळे झालं का? अहवाल तसं म्हणत नाही, आणि असाच घोटाळा चकचकीत ऑफिसातही होऊ शकतो. मला मात्र त्यात दोन गोष्टी दिसतात. पहिली, मध्यरात्री घरी एकट्याने काम करणाऱ्याच्या मागे उभं राहून ‘अरे थांब, हा कुठला सर्व्हर आहे?’ म्हणणारं कोणी नसतं. दुसरी जास्त खोल आहे. बॅकअपची नियमित तपासणी का होत नव्हती, या प्रश्नाला अहवालाने सरळ उत्तर दिलंय की त्याची मालकी कोणाकडेच नव्हती. पद्धत लिहिलेली होती, निरोप निघत होते, फक्त ते बघणं हे एका नाव असलेल्या माणसाचं काम नव्हतं. सगळ्यांना सगळं दिसतं अशा व्यवस्थेचा हा खास धोका. दुसरं कोणीतरी बघतच असेल, असं प्रत्येकाला वाटतं. उलट, जी व्यवस्था सगळं लिहायला लावते, तीच चूक झाल्यावर लपवायला जागा ठेवत नाही. त्या दिवसानंतर जगभरच्या किती टीमनी आपले बॅकअप खरोखर उघडून बघितले असतील!

पगाराचं सूत्र

इथे आपल्याकडचे वाचक कान टवकारतील. गिटलॅबने पगार ठरवण्याचं सूत्रच उघड केलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोतला त्या कामाचा पगार पाया धरायचा, त्याला ठिकाणाचा गुणांक लावायचा, मग अनुभवाचा, आणि नोकरी कोणत्या प्रकारच्या कराराने आहे त्याचा. सुरुवातीला ठिकाणाचा गुणांक त्या शहरातल्या घरभाड्याच्या निर्देशांकावरून काढत. राहती जागा बदलली की गुणांकही बदलतो.

म्हणजे एकच दुरुस्ती करणाऱ्या दोन माणसांना वेगळे पैसे. कंपनीचा युक्तिवाद असा की सगळ्यांना सॅन फ्रान्सिस्कोचा पगार दिला तर तेवढ्या पैशात माणसं कमी घेता येतील, आणि सगळ्यांना सर्वांत कमी दर दिला तर महागड्या शहरांतलं कोणी येणार नाही. याउलट बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर विकणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने माणूस कुठेही राहो, सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजारभावाने पगार द्यायचं धोरण ठेवलं. ती कंपनी लहान आहे, तिला परवडतं, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गुणांकाचा खरा आधार बाजारभाव आहे, म्हणजे त्या गावात त्या कामाला जे मिळतं त्याहून थोडं बरं देऊन माणूस टिकवायचा. तसं म्हणावं, न्यायाची भाषा वापरू नये. अर्थात, सूत्र उघड होतं म्हणून तर त्यावर एवढं भांडता आलं. आपल्याकडच्या कंपन्यांत शेजारच्या टेबलावरच्याची सीटीसी कळायला दिवाळी पार्टीची वाट बघावी लागते.

भारतातून परदेशी रिमोट कंपनीसाठी काम करणाऱ्याने करारात काय लिहिलंय याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघावं. ज्या देशात अशा कंपनीची स्वतःची नोंदणी नसते, तिथे ती मध्यस्थ संस्थेमार्फत नोकरीवर घेते किंवा कंत्राटदार म्हणून. कंत्राटदार म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारपणाचा विमा बहुधा स्वतःचा. आगाऊ कर दर तिमाहीला आपणच भरायचा. वर्षाची मिळकत २० लाखांच्या पुढे गेली की जीएसटीची नोंदणी आली. सेवा निर्यातीवर कर शून्य असला तरी त्यासाठीचं हमीपत्र आणि विवरणपत्रं चुकत नाहीत. गृहकर्जाला गेलात की बँक पगाराची स्लिप मागते. ती नसेल तर दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं काढून बसावं लागतं. डॉलरमधला आकडा रुपयांत करून खुश होण्याआधी हे सगळं वजा करून बघितलेलं बरं.

आणि ‘कुठूनही काम करा’ यातल्या ‘कुठूनही’ला कुंपण असतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये, मोठ्या ग्राहकांच्या चिंतेमुळे, ग्राहकांचा डेटा हाताळणाऱ्या काही पदांवर चीन आणि रशियातून भरती करू नये असा प्रस्ताव गिटलॅबमध्ये आला. चर्चा नेहमीप्रमाणे उघड्यावर झाली, कडवट झाली, आणि जोखीम विभाग सांभाळणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याने राजीनामा दिला. माणूस कुठे बसतो याला महत्त्व नाही म्हणणाऱ्या कंपनीलाही शेवटी पासपोर्ट आणि कायदे मोजावेच लागतात.

एकटेपणाचा हिशेब

रिमोट कामावरच्या अभ्यासांत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी चीनच्या सीट्रिप या प्रवास कंपनीत केलेला प्रयोग सगळ्यात जास्त सांगितला जातो. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉल सेंटरमधले लोक नऊ महिने घरून काम करत होते. काम १३ टक्क्यांनी वाढलं, नोकरी सोडणारे निम्म्यावर आले. लोक एवढंच सांगून थांबतात. पण त्याच प्रयोगात, तितकंच काम करूनही घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली, आणि पुढे पुन्हा निवड करायला सांगितल्यावर निम्म्यांच्या आसपास लोकांनी आपला निर्णय बदलला. मोठं कारण एकटेपणा.

गिटलॅबला हे माहीत नव्हतं असं नाही. ती सगळ्या कंपनीला ठरावीक काळाने एकत्र जमवत असे. जानेवारी २०१७ मध्ये मेक्सिकोतलं कान्कून, ऑक्टोबरमध्ये ग्रीसमधलं क्रीट, २०१८ ला केपटाउन, २०१९ ला न्यू ऑर्लिन्स. २०२० ला प्राग ठरलं होतं, ते कोविडमुळे रद्द झालं. कान्कूनच्या तारखा बघितल्यात? डेटाबेसची ती रात्र त्याच महिन्यातली. तोंडओळख असलेली माणसं संकटात एकमेकांशी वेगळी बोलतात, आणि त्या रात्रीच्या टिपणांत जो सूर आहे त्यात या भेटीचा थोडा वाटा असावा, असा माझा अंदाज आहे. एरवी एकमेकांशी कामाशिवाय गप्पा मारण्यासाठीही वेळ ठरवून घ्यायची पद्धत आहे. ठरवून मारलेल्या गप्पा! आपल्याला हसू येतं, पण दुसरा उपाय कोणी सुचवलेला नाही.

एक गंमत मला राहून राहून वाटते. २०१९ पासून या कंपनीत असा उपक्रम सुरू झाला की कर्मचाऱ्याने काही दिवस सीईओच्या सावलीसारखं त्याच्यासोबत राहायचं, त्याच्या सगळ्या बैठकांना बसायचं. त्यासाठी लोक कुठे जात? सॅन फ्रान्सिस्कोला, सिडच्या, म्हणजे तेव्हाच्या सीईओच्या, घरी. हँडबुकात न मावणारं काहीतरी असतं आणि ते जवळ बसल्यावरच कळतं, हे या उपक्रमाने न बोलता मान्य केलं होतं. कोविडमध्ये तोही ऑनलाइन गेला.

जवळ कोणी नसण्याचा आणखी एक तोटा २०२० मध्ये समोर आला. कंपनीच्याच सुरक्षा टीमने ५० कर्मचाऱ्यांना खोटा ईमेल पाठवला, तुमचा लॅपटॉप बदलून मिळणार आहे म्हणून. १७ जणांनी लिंक दाबली, त्यातल्या १० जणांनी पासवर्डही टाकला, आणि संशय आल्याचं फक्त ६ जणांनी कळवलं. ऑफिसात असा मेल आला की माणूस मान वळवून विचारतो, ‘तुलाही आलाय का रे?’ घरी तो प्रश्न विचारायला मुद्दाम कुणाला तरी लिहावं लागतं. निकाल अर्थातच प्रसिद्ध करण्यात आला.

रजेचा नियम ऐकायला मस्त आहे. परवानगी मागायची नाही, फक्त कळवायचं. तरी २०२० मध्ये कंपनीला संपूर्ण कामकाज बंद ठेवण्याचे खास दिवस जाहीर करावे लागले, कारण लोक आपणहून थांबत नव्हते. पुण्यात बसलेल्याचा प्रश्न तर घड्याळातच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. सगळं लिहून चालतं म्हणून तिथे हजर राहायची सक्ती नाही, हे खरं. पण ज्या मीटिंगमध्ये सगळे आहेत तिचं फक्त टिपण सकाळी वाचायचं, असं वर्षभर करून बघा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये गिटलॅबने सात टक्के लोक कमी केले. रिमोट असो वा नसो, बाजार फिरला की हे होतंच. त्यावर जास्त लिहीत नाही.

फ्रेंडली म्हणजे काय

जाहिरातीत ‘रिमोट-फ्रेंडली’ लिहिणाऱ्या कंपन्या बहुतेक वेळा गिटलॅबसारख्या नसतात. त्यांचं ऑफिस असतं, काही जण तिथे येतात, काही घरी असतात. सिडने २०२० मध्येच जाहीर लिहिलं होतं की ही मिश्र व्यवस्था दोन्हीकडचं वाईट तेवढं उचलते, कारण ऑफिसातले आणि घरचे अशा दोन जाती पडतात. मला तो अर्धा बरोबर वाटतो. ब्लूमनेच आता ट्रिप डॉट कॉम म्हणवणाऱ्या त्याच कंपनीत १,६१२ जणांवर केलेला अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यात दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडण्याचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने कमी झालं आणि बढतीवर परिणाम दिसला नाही. पण त्यात ज्यांना घरून काम मिळालं त्या सगळ्यांचे घरचे दिवस एकच होते आणि उरलेले तीन दिवस सगळेच ऑफिसात असत, त्यामुळे ऑफिसातले आणि घरचे असे कायमचे गट पडायला वाव कमी होता. जिथे टीममधले पाच बाणेरच्या ऑफिसात आणि दोन कायमचे कोल्हापूर-सांगलीला, तिथे सिडचं म्हणणं शंभर टक्के लागू पडतं.

आपल्याच मुंबईतल्या टीसीएसचं उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये तिने जाहीर केलं की २०२५ पर्यंत एका वेळी २५ टक्क्यांहून जास्त लोकांनी ऑफिसात असण्याची गरज राहणार नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिनेच पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं, आणि पुढच्या वर्षी हजेरी थेट तिमाही बोनसशी जोडली. सुमारे सहा लाख माणसांची, ग्राहकांच्या अटींवर चालणारी, दर वर्षी कॉलेजातून हजारो मुलं घेणारी कंपनी गिटलॅबसारखी चालू शकत नाही, हे मला पटतं. नवशिक्याला शेजारी बसणाऱ्याकडून जे मिळतं त्याला तोड नाही. पण अनेकांनी त्या घोषणेवर विसंबून गावाकडे घर बांधलं असेल, मुलांची शाळा बदलली असेल. घोषणा म्हणजे सेवाशर्त नव्हे, हे त्यांना हजेरीच्या मेलमधून कळलं.

म्हणून अशा कंपनीची ऑफर हातात असेल तर टेबल-खुर्चीच्या भत्त्याबद्दल विचारण्यात वेळ घालवू नका. रिमोट हे नेमणूकपत्रात लिहिलंय की फक्त मॅनेजर तोंडी म्हणतोय? गाव बदललं तर पगार बदलतो का, आणि कोणत्या सूत्राने? निर्णय कुठे नोंदवले जातात, आणि त्या नोंदी पहिल्या दिवसापासून मला दिसतील का? रात्रीच्या ऑन-कॉलला, म्हणजे बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीला, माझ्यासोबत दुसरं कोण जागं असेल? आणि गेल्या दोन वर्षांत बढती मिळालेल्यांपैकी किती जण मुख्य ऑफिसच्या शहराबाहेर राहतात? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर एचआरला दहा मिनिटांत काढता येतं. त्याला आठवडा लागला, तर आकडा काय असेल याचा अंदाज बांधायला हरकत नाही.